तिसरी घडी

सू फॉल्सच्या उत्तरेला, कत्तलखान्याच्या पलीकडे
बिनखिडक्यांची एक लांबलचक पत्र्याची इमारत आहे.
आत रात्रभर कागद घड्या घालून घेतो.
थेल्मा टोर्गर्सन तिथे एकोणीस वर्षं उभी,
यंत्र क्रमांक सहापाशी,
कागद अडकला की बोटांनी सोडवत.

पहिली घडी: प्रिय ग्राहक.
दुसरी घडी: दरांचा तक्ता.
तिसरी आत जाते, पाकिटाच्या पोटाशी,
आणि तिथे काय छापलंय
हे तिने कधी वाचलं नव्हतं.

न्याबोल वाचायची. नवी होती,
नाईलकाठची, इंग्रजी तिची चौथी भाषा,
म्हणून तांदळातला खडा निवडावा
तसा एकेक शब्द बोटाखाली घ्यायची.
“इथं लिहिलंय, हे तुम्हाला नाकारता येईल.
खरंच येतं?”
“कोणी वाचत नाही गं,” थेल्मा म्हणाली.
“कायदा म्हणतो छापा, म्हणून छापतात.”
आणि हिरवं बटण दाबलं.

मार्चमधल्या एका गुरुवारी
तेच पाकीट तिच्या दारात, अर्धवट वितळलेल्या बर्फावर.
तिने आधी घडीची कडा पाहिली:
डावीकडे केसभर तिरकी.
सहा नंबर थंडीत असंच करतो.
म्हणजे स्वतःच्या हाताखालून
स्वतःचंच पत्र जाऊ दिलं होतं तिने,
न ओळखता.

वार्षिक शुल्क, आजवर शून्य: आता पंच्याण्णव डॉलर.
नव्या खरेदीवर व्याज, सव्वापंधराचं तेवीस.
आपल्यासारख्या मोलाच्या ग्राहकासाठी, वगैरे.
मोलाच्या.
तिला हसू आलं, मग खोकला.

ऑर्विन टीव्ही पाहत होता, ओठांवरून बातम्या वाचत.
कानातली यंत्रं ड्रॉवरमध्ये, बॅटरी वाचवायला.
त्या यंत्रांचेच अजून अठराशे चाळीस बाकी,
शिवाय टायरचे, आणि त्या फ्रीजरचे
जो जुना जुलैत बंद पडला म्हणून घ्यावा लागला.
अख्खं हरीण होतं जुन्यात.

तिने चष्मा बदलला.
तिसरी घडी उलगडली.

अक्षरं मुंगीएवढी, पण रांग धरून चाललेली:
बदल पंचेचाळीस दिवसांनी लागू.
जुन्या बाकीला जुनाच दर.
शुल्क मान्य नसल्यास त्या तारखेआधी कळवा;
कार्ड बंद होईल,
बाकी एकरकमी मागितली जाणार नाही.

कुठल्या तरी खोलीत, थंड कॉफीवर,
या चार ओळींसाठी कोणी तरी भांडलं असणार.
“पंचेचाळीस.” “पंधरा पुरेत.” “पंचेचाळीस.”
घसा बसेपर्यंत.
खाली सही मात्र बँकेची.

फोनवर सदतीस मिनिटं सॅक्सोफोन.
मग एक कोवळा आवाज: “नक्की ना, मॅडम?
तुमचे पॉइंट्स जातील.”
“किती आहेत?”
“एक टोस्टर येईल इतके.”
“टोस्टर आहे माझ्याकडे.”

इकडची माणसं ‘नाही’ म्हणत नाहीत.
‘बघू या’ म्हणतात, ‘हं, तसंही असेल’ म्हणतात,
दारात उभं राहून तासभर निरोप घेतात.
थेल्माची आई तर मरतानाही डॉक्टरांना
‘फारसं वाईट नाही’ म्हणाली होती.
थेल्माने वायर बोटाभोवती गुंडाळली,
सोडली,
आणि म्हणाली, “नाही. मला मान्य नाही.”

पलीकडे कळफलक वाजला. एवढंच.
व्याज थांबलं नाही, मुद्दल वितळलं नाही,
कूपन कापायच्या कात्रीने कार्डाचे दोन तुकडे झाले
आणि एक सोफ्याखाली गेला, तो अजून तिथेच असेल.

त्या रात्री पाळीवर ती न्याबोलला म्हणाली, “येतं.”
“काय?”
यंत्राच्या आवाजात शब्द बुडाला.
“येतं!” ती ओरडली. “नाकारता येतं!”
दोन रांगांपलीकडचा सुपरवायझर वळून पाहू लागला.

तेवढ्यात सहा नंबर अडकला.
थेल्माने कागद बाहेर ओढला, चुरगळा हाताने सारखा केला.
टल्सा, ओक्लाहोमा, कोणी तरी बाई, फ्लॅट तीन.
पहिली घडी घातली. दुसरी घातली.
तिसरी नुसती दुमडली,
नेहमीसारखा अंगठा फिरवून
दाबली नाही.